बॅटलटेक: तापलेल्या यंत्रांचं युद्ध

माझी सगळी नोकरी बॉयलरवर गेली. त्यामुळे 'बॅटलटेक' हा पटावरचा युद्धखेळ खेळायला बसलो तेव्हा लेझर आणि क्षेपणास्त्रांच्या आधी माझी नजर गेली कागदाच्या कडेला छापलेल्या उभ्या पट्टीवर. शून्य ते तीस, उष्णतेची पट्टी. या खेळाचा जीव तिच्यातच आहे.

शिकागोच्या फासा कंपनीने १९८४ साली तो 'बॅटलड्रॉइड्स' नावाने काढला. 'ड्रॉइड' शब्दावर 'स्टार वॉर्स'वाल्यांनी हक्क सांगितला, म्हणून पुढच्या वर्षी नाव बदललं. काळ एकतिसाव्या शतकाचा. कोसळलेल्या तारासंघाच्या गादीसाठी पाच राजघराणी पिढ्यान् पिढ्या लढताहेत. कारखाने बेचिराख झालेत, विद्या लोपली आहे. वीस ते शंभर टनांचे रोबोट, म्हणजे 'मेक', वारशाने मिळतात आणि पडलेल्या मेकचे सुटे भाग काढून चालू ठेवले जातात.

पटावर षटकोनी घरं, एक घर तीस मीटरचं, एक फेरी दहा सेकंदांची. समजा, तुमच्याकडे सत्तर टनी वॉरहॅमर आहे. त्याच्या दोन्ही हातांत कणांचा झोत फेकणाऱ्या तोफा. प्रत्येकीची उष्णता १०. धावलात तर आणखी २. उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा फेरीला १८ उतरवते, म्हणजे ४ उरतात. तेवढं चालतं. पण शत्रू पाच घरांवर उभा असतो, मोह आवरत नाही. दोन मध्यम लेझर सोडले, ६ वाढले. क्षेपणास्त्रं सोडली, ४ वाढले. पट्टी चौदावर! आता चाल दोन घरांनी मंदावते, नेम बिघडतो आणि दोन फाशांवर चारपेक्षा कमी पडले तर मेक जागीच बंद पडतो. एकोणीसला पोटातला दारूगोळा फुटण्याची भीती. तिसाला फासे टाकायचीही सोय नाही, यंत्र बंदच.

भट्टीजवळ काम केलेल्या कुणालाही हे पटेल: ताकद किती आहे, यापेक्षा ताप कुठे सोडायचा हा प्रश्न मोठा. बहुतेक युद्धखेळांत बंदूक झाडायला काही मोजावं लागत नाही. इथे प्रत्येक गोळीचा हिशेब पेन्सिलीने मांडावा लागतो. कागदावरचे चिलखताचे गोलही आपणच काळे करायचे. डाव्या पायाचे संपले की पुढचा घाव थेट सांगाड्यावर.

मूळ नियम चाळीस वर्षांत फारसे बदलले नाहीत. २०१९ साली मेकच्या नव्या पुतळ्यांसाठी चाहत्यांनी पंचवीस लाख डॉलरहून जास्त रक्कम आगाऊ भरली. आता हा खेळ कॅटलिस्ट कंपनी काढते, आणि उष्णतेची पट्टी अजून तिसालाच संपते.