‘सेतुबंध’ आणि त्याचे वाचक

रोममध्ये होरेस या कवीला कवींचा आश्रयदाता मायसेनस याच्या घरचे दार उघडून दिले ते व्हर्जिल या दुसऱ्या कवीने. कवींना एकमेकांशी बांधणारे असे धागे नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरही सापडतात.

रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. पाचव्या शतकात इथल्या दुसऱ्या प्रवरसेनाने माहाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ हे महाकाव्य रचले. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि कालिदासाचे नाव याच चंद्रगुप्ताशी जोडले जाते. अकबराच्या काळातला टीकाकार रामदास तर हे काव्य कालिदासानेच प्रवरसेनासाठी लिहिले, असे सांगतो. मला ते पटत नाही. कारण सातव्या शतकातच बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभी ‘सेतू’चे श्रेय प्रवरसेनाला दिले आहे, आणि बाण रामदासाहून कवीच्या कितीतरी जवळचा. काव्यशास्त्रकार दंडीनेही या काव्याचा गौरव केला.

वाशीमच्या वाकाटक शाखेचा सर्वसेनही कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हरवले. पुढच्या अलंकारशास्त्रकारांनी उतरून घेतल्या तेवढ्याच गाथा आज उरल्या आहेत. एका लेखकाने दुसऱ्याला वाचले, म्हणून तो जगला!

नाटककार भवभूतीही विदर्भातल्याच पद्मपूरचा. त्याच्यानंतरच्या राजशेखर या कवीने तर स्वतःला वाल्मीकी, भर्तृमेण्ठ आणि भवभूती यांचाच पुढचा अवतार म्हणवून घेतले.

रामटेकला जाल तेव्हा गड उतरल्यावर नगरधनलाही जरूर जा.