काउंटरवरचा पहिला प्रश्न

"यावर माझी जुनी सॉफ्टवेअर चालतील का?" मायक्रोसॉफ्टच्या सरफेस आरटी या टॅब्लेटची पत या एका प्रश्नावर घसरली.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी तो ४९९ डॉलरपासून बाजारात आला. बांधणी देखणी, मागे टेकू, चुंबकाने चिकटणारा कीबोर्ड. पडद्यावर तर हुबेहूब विंडोज ८. आत मात्र एआरएम प्रोसेसर आणि त्यासाठीची वेगळी विंडोज, म्हणजे विंडोज आरटी, होती. नेहमीचे विंडोज प्रोग्रॅम इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरना कळणाऱ्या आज्ञांमध्ये बांधलेले असतात. एआरएमचा आज्ञासंचच वेगळा, त्यामुळे ते इथे चालत नसत. वर्ड, एक्सेलसारखे ऑफिसचे प्रोग्रॅम मात्र चालत, कारण ते या चिपसाठी मुद्दाम तयार केले होते. गोंधळ त्यानेच वाढला: वर्ड चालतं, मग टॅली किंवा फोटोशॉप का नाही?

जाहिरातीत तरुण मंडळी नाचत नाचत कीबोर्ड खटाखट जोडत होती. दोन विंडोजमधला फरक त्यात नव्हता. तो सांगायचं काम मग दुकानातल्या विक्रेत्यावर येऊन पडलं. त्यालाच दोन विंडोज वेगळ्या सांगता आल्या नाहीत, तर गिऱ्हाईक चुकीच्या अपेक्षेने वस्तू घरी नेतं आणि दोष वस्तूला देतं. माझ्या मते ही विक्रेत्याची चूक नव्हे, त्याला तयार न करणाऱ्या कंपनीची आहे.

जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगने आपला विंडोज आरटीवरचा टॅब्लेट अमेरिकेत न आणण्याचं ठरवलं. ग्राहकांना समजावण्यावर बराच खर्च करावा लागेल, हे त्यांनी दिलेलं एक कारण. जुलैत मायक्रोसॉफ्टने किंमत १५० डॉलरनी उतरवली आणि सुमारे ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला.