मोटारगाडीचा रंगलेप : क्षती व संरक्षण

मोटारगाडीच्या पत्र्याचे पाणी, हवेतील ऑक्सिजन, लवणे व सूर्यप्रकाश यांपासून रक्षण व्हावे आणि तिला शोभाही यावी म्हणून पत्र्यावर एकावर एक चढविलेल्या थरांच्या समूहाला रंगलेप म्हणतात. या सर्व थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी.चा हजारावा भाग), म्हणजे वहीच्या दोन पानांइतकीच असते. खडा लागून या लेपाचा टवका उडाला की गाडीचे रूप थोडे बिघडले, एवढेच बहुतेकांच्या लक्षात येते. प्रत्यक्षात त्या ठिकाणी पत्र्याचे कवच फुटलेले असते व टवक्याच्या आकारमानाच्या तुलनेने पुढे होणारी हानी पुष्कळ मोठी असू शकते. म्हणून टवक्याची दुरुस्ती ही मुख्यत्वे गंजप्रतिबंधाची बाब आहे. सौंदर्याचा विचार त्यानंतरचा.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्या घोडागाड्यांप्रमाणेच कुंचल्याने तेलयुक्त रोगणाचे हात देऊन रंगवीत. प्रत्येक हात वाळवून घासण्यात काही आठवडे जात. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने १९२३ मध्ये ‘ड्यूको’ हे फवाऱ्याने मारता येणारे व काही तासांत वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर पुढे आणले आणि ते जनरल मोटर्स कंपनीच्या ओकलंड गाड्यांवर वापरले गेले. पुढे अल्किड व ॲक्रिलिक रेझिनांची एनॅमले प्रचारात आली. या सर्व प्रकारांत रंगद्रव्य वरच्याच थरात असे. त्यामुळे गाडीला पॉलिश करताना फडक्याला तिचा रंग लागे. १९८० नंतरच्या दशकात रंगाचा पातळ थर व त्यावर रंगहीन पारदर्शक थर अशी दुपेडी पद्धत सर्वत्र रूढ होत गेली.

रचना : आधुनिक कारखान्यात पत्रा प्रथम धुऊन तेलविरहित करतात व जस्त फॉस्फेटयुक्त विद्रावाच्या प्रक्रियेने त्यावर सूक्ष्म स्फटिकांचा थर आणतात. या थरामुळे पुढील लेपाची पकड वाढते. नंतर संपूर्ण बॉडी पाण्यात विखुरलेल्या एपॉक्सी रेझिनाच्या टाकीत बुडवून तिला ऋणाग्र करतात व विद्युत् प्रवाह सोडतात. धन विद्युत् भारित कण पत्र्याकडे ओढले जातात आणि फवारा पोहोचू शकत नाही अशा सांदीकोपऱ्यांतही सु. २० मायक्रॉन जाडीचा सलग थर बसतो. हा थर सु. १७०° से. तापमानास भट्टीत भाजून पक्का करतात. गंजापासूनचे खरे संरक्षण याच थराचे असते. त्यावर सु. ३५ मायक्रॉनचे अस्तर, सु. १५ मायक्रॉनचा रंगथर व शेवटी सु. ४० मायक्रॉनचा पारदर्शक थर देतात. पारदर्शक थरात जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. हा थर झिजला की खालील रंगथर व त्याखालचे लेप उन्हाला उघडे पडतात.

टवके कसे उडतात : पुढील वाहनाच्या चाकाने उडविलेला खडा व मागून येणारी गाडी यांचा सापेक्ष वेग आघाताची तीव्रता ठरवितो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. म्हणून टवके बॉनेटची पुढची कड, समोरच्या काचेलगतचे खांब व छताची पुढची कड यांवर अधिक आढळतात. चाकांच्या कमानी व दारांखालचा पट्टा यांना मात्र गाडीचीच चाके खडे मारतात. थंडीत बहुवारिकाचा (अनेक साध्या रेणूंच्या संयोगाने बनलेल्या प्रचंड रेणूच्या पदार्थाचा) लेप ठिसूळ होतो व टवके सहज उडतात. आघाताने लेप एखाद्या थरातच फाटतो किंवा दोन थरांमधील पकड सुटून वरचा भाग निघून येतो. दुसऱ्या प्रकारात पत्रा बहुधा झाकलेला राहतो.

पत्रा उघडा पडला, तर ओल्या हवेत तेथे विद्युत् रासायनिक विक्रिया सुरू होते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो कडेचा लेप उचलतो, उचललेल्या लेपाखाली पाणी शिरते व गंज आत सरकत जातो. वरून फक्त एक फुगवटी दिसते. ती फोडल्यावर खाली बोटभर रुंद गंज निघतो. क्लोराइडे ही क्रिया फार वाढवितात. यूरोप व उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेले मीठ जे काम करते, तेच कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस करतात. जस्तलेपित पत्र्यात आधी जस्त खर्ची पडते व पोलादाला काही काळ सवड मिळते. प्लॅस्टिकच्या बंपरला गंजाची भीती नाही, तेथील टवका निव्वळ शोभेचा प्रश्न होय.

दुरुस्ती : प्रथम खोली पाहावी. नुसता पांढुरका ओरखडा असून तो पाण्याने ओला करताच दिसेनासा होत असेल, तर इजा पारदर्शक थरापुरती असते. करडा थर दिसल्यास अस्तर किंवा त्याखालचा लेप, चकाकी वा तांबूस ठिपका दिसल्यास धातू उघडा आहे असे समजावे. जागा धुऊन, कोरडी करून आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने मेणविरहित करतात. गंज असल्यास तो बारीक टोकदार साधनाने खरवडून पूर्णपणे काढतात. गंजावर दिलेला रंग गंजाला थांबवीत नाही, फक्त झाकतो. नंतर अस्तर, रंग व पारदर्शक लेप यांचे थेंब बारीक कुंचल्याच्या वा काडीच्या टोकाने खळग्यातच सोडतात. विद्रावक उडून गेल्यावर थेंब आकसतो; यामुळे एक जाड थेंब देण्यापेक्षा मध्ये वाळू देत अनेक पातळ थेंब देणे इष्ट असते. शेवटचा थेंब पृष्ठापेक्षा किंचित उंच ठेवून आठवड्याने २,००० क्रमांकाच्या ओल्या पॉलिश कागदाने हलकेच सपाट करतात. रंगाचा सांकेतिक क्रमांक पुष्कळ गाड्यांत दाराच्या खांबावरील वा बॉनेटखालील पट्टीवर असतो. ॲल्युमिनियमाचे चूर्ण असलेल्या रंगात मात्र चकत्यांची ठेवण कुंचल्याने वेगळी पडते व योग्य रंग वापरूनही ठिपका निराळा दिसतो. हे काम भर उन्हात करू नये, तसेच पावसाळी दमट हवेतही करू नये. दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते.

अशा ठिपक्याला कंटाळून संपूर्ण दार वा बॉनेट नव्याने रंगविण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो. टवके मोजके असताना तो बहुधा मानू नये. कारखान्यातील विद्युत् निक्षेपित व भाजलेला थर घासून काढल्यास गॅरेजात तो पुन्हा देता येत नाही. तेथील रंग सु. ६०° से.पर्यंतच तापवून किंवा नुसत्या हवेवर वाळवितात. गंज न काढता त्यावर भरलेले लुकण तर ओल धरून ठेवते व एक-दोन पावसाळ्यांनंतर तीच जागा पुन्हा फुगते. शिवाय या कामात वापरल्या जाणाऱ्या दोन घटकी पॉलियुरेथेन रंगांच्या कठिणीकारकात आयसोसायनेटे असतात. त्यांच्या फवाऱ्यामुळे कारागिरांना दमा जडू शकतो. साधा रुमाल वा कापडी मुखपट्टी त्यापुढे निरुपयोगी असते.

संरक्षण : खड्यांपासून खरे रक्षण जाड व लवचिक आवरणानेच होते. सु. १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनाची पारदर्शक चिकटफीत याच कामी येते. सिरॅमिक लेप म्हणून विकले जाणारे सिलिकायुक्त लेप फार पातळ असतात. ते पाणी व मळ चिकटू देत नाहीत, परंतु खडा अडवू शकत नाहीत. ब्राझीलमधील ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेणही तसेच, व ते काही आठवड्यांत निघून जाते. चाकांमागील चिखलरोधक पडदे व पुढील ट्रकपासून ठेवलेले अंतर हे उपाय स्वस्त व अधिक परिणामकारक आहेत.

आपल्या शहरांत रोज सकाळी कोरड्या वा एकाच बादलीत पिळलेल्या फडक्याने गाड्या पुसण्याची चाल आहे. रस्त्याच्या धुळीत क्वॉर्ट्झाचे कण असतात व ते पारदर्शक थरापेक्षा पुष्कळच कठीण असल्याने फडके अपघर्षक कागदासारखे काम करते. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे त्याचीच. भरपूर पाण्याने धूळ आधी वाहवून मगच पुसावे. धुळीच्या गाडीवर घातलेली खोळ वाऱ्याने हलून तेच करते. पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक उन्हाने वाळण्यापूर्वी ओल्या कापडाने भिजवून उचलून घ्यावेत, घासू नयेत. दारांच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे पावसाळ्यापूर्वी मोकळी करावीत; आतून कुजणाऱ्या दाराला बाहेरचा कोणताही लेप वाचवू शकत नाही.

झिलईसाठी वापरले जाणारे घासद्रव्य पारदर्शक थराचे काही मायक्रॉन दर वेळी काढून टाकते. ते पुन्हा भरून येत नसल्याने अशी झिलई क्वचितच करावी. जुन्या गाड्यांची पारख करणारे लोक चुंबकीय वा आवर्त विद्युत् प्रवाहावर चालणाऱ्या जाडीमापकाने पत्रा तपासतात. मूळ लेपाचे वाचन सर्वत्र १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास येते. नव्याने रंगविलेल्या भागावर ते सामान्यतः याहून बरेच जास्त येते व लुकण भरलेल्या जागी हजाराच्याही वर जाऊ शकते.