ऊलाँग आणि पु-एर : पारख जिभेची, लेबलाची नव्हे

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) पन्हाळ्याच्या परिसरात चहा आणि कॉफीच्या लागवडीचा प्रयोग केला होता. तो पुढे टिकला नाही. कोल्हापूरकरांचा चहा बाहेरूनच येत राहिला आणि दूध, साखर किंवा गूळ, आले घालून तो उकळण्याची रीत घरोघरी रुजली. या रीतीत गैर काहीच नाही; मात्र चहाच्या पानाला स्वतःची अशी चव असते, याचा तीत विसर पडतो. अलीकडे घरपोच मागवलेल्या पुड्यांतून ऊलाँग आणि पु-एर ही चिनी नावे काही हौशी घरांत पोहोचली आहेत. त्यांची किंमत नेहमीच्या चहाच्या अनेक पट असते आणि वेष्टनावर ‘दुर्मीळ’, ‘जुना’, ‘डोंगरी’ अशी विशेषणे असतात. ही किंमत रास्त आहे की नाही, हे ओळखायचे कसे? त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. काटेकोर तुलना करण्याची सवय मात्र हवी.

पान एक, संस्कार वेगळे

हिरवा, काळा, ऊलाँग, पु-एर हे सारे चहा एकाच वनस्पतीच्या पानांपासून बनतात. फरक पडतो तो तोडणीनंतरच्या संस्कारांनी. चिरलेले वांगे हवेत राहिले की काळे पडते. चुरगळलेल्या चहाच्या पानातही तशीच क्रिया घडते. हिरव्या चहात ती उष्णता देऊन आरंभीच थांबवतात, काळ्या चहात जवळजवळ पूर्ण होऊ देतात आणि ऊलाँगमध्ये मधेच कोठेतरी रोखतात. हे ‘मधेच’ फार विस्तृत आहे. चीनच्या फुजियान प्रांतातील आन्शी येथील हलका ‘त्ये-ग्वान-यिन’ फुलांसारखा दरवळतो, तर त्याच प्रांतातील वूयी डोंगरातील ‘दा-होंग-पाओ’ला भाजल्याचा खरपूस वास असतो. दोन्हींचे नाव ऊलाँगच.

पु-एरची गोष्ट निराळी. तो युन्नान प्रांतात मोठ्या पानांच्या जातीपासून करतात. या जातीच्या शास्त्रीय नावात ‘आसामिका’ हा शब्द आहे. म्हणजे आपल्या रोजच्या आसामी चहाचे आणि पु-एरचे कूळ एकच. त्याचे दोन प्रकार आहेत. कच्चा पु-एर उन्हात वाळवून, वाफेवर मऊ करून वड्यांत दाबतात आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू बदलत राहतो. पक्का पु-एर मात्र ओल्या पानांचे ढीग झाकून ठेवून सूक्ष्मजीवांकरवी सुमारे दीड-दोन महिन्यांत आंबवतात. जुन्या चहाची चव लवकर मिळावी, म्हणून ही पद्धत १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात विकसित झाली. कच्चा पु-एर तरुणपणी कडवट-तुरट लागतो. पक्का गडद, मऊ आणि ओल्या मातीची आठवण देणारा असतो. या दोहोंत डावे-उजवे करणे म्हणजे कैरी आणि आंब्याची स्पर्धा लावणे होय.

तुलनेचा पहिला नियम यातूनच निघतो. ऊलाँगची तुलना ऊलाँगशी करावी, कच्च्या पु-एरची कच्च्याशी आणि पक्क्याची पक्क्याशी. आरंभासाठी एक हलका आणि एक भाजलेला ऊलाँग पुरेसा आहे. दार्जिलिंगच्या काही मळ्यांतही ऊलाँग बनतो. तोही या पंगतीत बसवता येईल.

आधी माप, मग चव

दुसरा नियम असा, की चहाखेरीज बाकी सारे समान ठेवावे. चमच्याने मोजणे येथे फसवे ठरते. गोळीसारखा वळलेला ऊलाँग चमच्यात दाटीने बसतो, लांब पानांचा चहा पोकळ राहतो. एकच चमचा, पण वजन वेगळे. म्हणून ग्रॅमचा छोटा काटा वापरावा. चहाच्या चाचणीसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे हे प्रमाण दिले आहे. घरी १५० मिलिलिटरच्या पेल्याला ३ ग्रॅम घ्यावेत. सहा मिनिटांनी अर्क कडक होईल, पण दोष लपणार नाहीत. हेतू पारखण्याचा असताना तेच हवे. पेले पांढरे आणि सारख्या आकाराचे असावेत, म्हणजे रंगाची तुलना नीट होते.

पाणीही एकच असावे. बोअरच्या जड पाण्यात अर्क मंद होतो आणि वर तवंग धरतो, त्यामुळे चांगला चहाही निस्तेज वाटतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असलेल्या कोल्हापुरात पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. ऊलाँग आणि पु-एर दोहोंना ते चालते. हिरव्या चहासारखे पाणी निववण्याची गरज नाही. पु-एरवर मात्र पहिले उकळते पाणी घालून ते लगेच ओतून द्यावे. त्याने धूळ जाते आणि दाबलेले पान सैल होते.

चव घेताना बशीतून भुरका मारण्याची आपली जुनी सवय कामी येते. व्यावसायिक चहा-परीक्षकही मोठा आवाज करीत भुरकाच मारतात. त्यामुळे चहा जिभेवर सर्वत्र पसरतो आणि त्याचा गंध घशामागून नाकापर्यंत पोहोचतो. तांबडा रस्सा किंवा मिसळ खाल्ल्यावर लगेच हा उद्योग करू नये. सकाळचा दुसरा प्रहर उत्तम. आधी कोरड्या पानाचा वास, मग ओल्या पानाचा, मग अर्काचा रंग, चव आणि शेवटी घशात काय उरते, या क्रमाने वहीत नोंद करावी. शब्द आपलेच वापरावेत. काकवी, फुटाणे, रातराणी, पहिल्या पावसाची माती, जुन्या लाकडी पेटीचा वास, हे शब्द वेष्टनावरच्या परक्या वर्णनापेक्षा अधिक नेमके ठरतात. कडू आणि तुरट यांत गल्लत करू नये. कडूपणा ही चव आहे. तुरटपणा म्हणजे तोंड कोरडे पडल्याची, जीभ ओढल्याची जाणीव.

यानंतर तोच चहा चिनी रीतीने करून पाहावा. झाकणाच्या लहान वाटीत १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम पान घ्यावे आणि पंधरा-वीस सेकंदांत अर्क गाळावा. तेच पान पुन्हापुन्हा वापरता येते. चांगला ऊलाँग पाच-सहा पाण्यांपर्यंत चव बदलत जातो, सुमार चहा दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यातच संपतो. महाग चहाचा प्रतिकप हिशेबही येथेच उलगडतो.

तीन पेल्यांची परीक्षा

खरी कसोटी पुढे आहे. किंमत ठाऊक असली की जीभही तिच्याच बाजूने कौल देते. म्हणून घरातील दुसऱ्या कोणाला तरी तीन पेले भरायला सांगावे. दोनांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा. खूण पेल्याच्या तळाशी. वेगळा पेला कोणता, एवढेच ओळखायचे. नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनांत एक असते. पण सलग चार वेळा बरोबर येण्याची शक्यता ८१ मध्ये एकच. स्वस्त आणि महाग चहातला फरक या कसोटीत कळत नसेल, तर जास्तीचे पैसे वेष्टनासाठी जात आहेत असे समजावे.

पु-एरच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. जुना पु-एर मौल्यवान ठरतो, या समजुतीने चीनमध्ये सट्टेबाजी वाढली आणि २००७ मध्ये भाव कोसळले. २००८ मधील चिनी राष्ट्रीय मानकानुसार पु-एर हे नाव युन्नानमधील मोठ्या पानांच्या चहालाच लागते, पण वय मात्र चवीवरून निश्चित सांगणे अवघड असते. ‘७५४२’ हा क्रमांक पाहून वडी १९७५ ची आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ७५ हे त्या मिश्रणाच्या कृतीचे वर्ष, ४ हा पानाचा दर्जा आणि २ हा मेंगहाई कारखान्याचा क्रमांक. या क्रमांकाची वडी गेल्या वर्षीचीही असू शकते. गडद रंगही वयाचा पुरावा नव्हे, कारण पक्का पु-एर जन्मतःच गडद असतो. हायड्रॉस घालून उजळलेला पिवळाधमक गूळ ओळखणाऱ्या कोल्हापूरकराला रंगाची ही फसवणूक वेगळी समजावून सांगायला नको.

वडी जपून जुनी करण्याचा मोह आपल्या हवामानात आवरलेलाच बरा. प्रचलित वडी ३५७ ग्रॅमची असते आणि कोल्हापूरचा चार महिन्यांचा पावसाळा बुरशीला पोषक असतो. लव धरलेली किंवा कुबट वासाची वडी बिनदिक्कत फेकावी. चहा आजूबाजूचे वास झटकन ओढून घेतो. कांदा-लसूण चटणीच्या बरणीशेजारी ठेवलेला ऊलाँग महिनाभरात ऊलाँग राहणार नाही. वजन घटवण्यासाठी म्हणून पु-एर विकला जातो, त्या दाव्यांवरही विसंबू नये.

तेव्हा आरंभ २५-५० ग्रॅमच्या नमुन्यांनी करावा. दोन चहा, एक काटा, एक घड्याळ आणि एक वही एवढे साहित्य पुरे. दोन-चार रविवारी अशी तुलना केल्यावर कोणत्या चहाला किती पैसे मोजायचे, हे विक्रेत्याला विचारावे लागणार नाही.