कार्टेल

एकाच प्रकारच्या वस्तूचे उत्पादन वा विक्री करणाऱ्या स्वतंत्र उद्योगसंस्थांनी परस्परांतील स्पर्धा टाळण्यासाठी किंमती, उत्पादन, बाजारपेठा इत्यादींविषयी केलेल्या कराराला, तसेच अशा करारान्वये निर्माण झालेल्या संघटनेला ‘कार्टेल’ म्हणतात. विलीनीकरणात एखाद्या संस्थेचे वेगळे अस्तित्व संपुष्टात येते. कार्टेलमध्ये मात्र प्रत्येक सभासदाची मालकी व व्यवस्थापन स्वतंत्र राहून केवळ बाजारातील वर्तन सर्वांच्या संमतीने ठरते. कार्टेलचे सामर्थ्य आणि दुबळेपणा ही दोन्ही या वैशिष्ट्यातूनच उद्भवतात.

उत्पादक मोजके, वस्तू एकजिनसी आणि नव्या कारखान्यास लागणारे भांडवल मोठे, अशा कोळसा, पोलाद, सिमेंट, रसायने इ. उद्योगांत कार्टेल सहज मूळ धरते. मंदीत मागणी घटली म्हणजे भाव पाडून विकण्याची चढाओढ सुरू होते व तीत सर्वांचीच हानी होत असल्याने उत्पादक एकत्र येतात. जर्मनीत १८७३ च्या आर्थिक अरिष्टानंतर कार्टेलांचा प्रसार झाला. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ऱ्हाइन-वेस्टफालिया कोळसा सिंडिकेटने सभासद-खाणींचे नियतांश ठरवून विक्री एका मध्यवर्ती कार्यालयाकडे सोपविली. भारतात कलकत्त्याच्या ताग गिरण्यांच्या संघटनेने १८८६ मध्ये कामाचे तास कमी करून उत्पादन घटविण्याचा करार घडवून आणला.

कार्टेलचे करार मुख्यत्वे चार प्रकारचे असतात : समान किंमत ठरविणे, उत्पादनाचे नियतांश ठरविणे, बाजारपेठा वाटून घेणे आणि निविदा भरताना संगनमत करणे. पहिल्या तिहींच्या जोडीला वस्तूच्या गुणवत्तेवरही बंधन घालता येते. विजेचे दिवे बनविणाऱ्या ओसराम, फिलिप्स इ. प्रमुख कंपन्यांनी १९२४ मध्ये जिनीव्हा येथे स्थापन केलेले ‘फीबस’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या कार्टेलने देशोदेशींच्या बाजारपेठा सभासदांत वाटून दिल्या आणि घरगुती दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणले. तंतू अधिक तापविल्यास तेवढ्याच विजेत अधिक प्रकाश मिळतो व दिवा लवकर जळतो; त्यामुळे कंपन्यांचा बचाव सर्वस्वी निराधार नव्हता. तथापि अधिक प्रकाश की अधिक टिकाऊपणा, हा निर्णय ग्राहकाच्या हाती उरला नाही. स्पर्धा नष्ट झाल्याने होणारी हानी केवळ चढ्या भावापुरती नसते, हे यावरून दिसते.

कार्टेलने भाव चढा ठेवला, की गुपचूप सवलत देऊन जादा माल विकणाऱ्या सभासदाचा मोठा लाभ होतो. प्रत्येकास हा मोह असल्याने कार्टेलला आपल्याच सभासदांवर पाळत ठेवावी लागते. फीबस सभासदांच्या दिव्यांची तपासणी करी व मर्यादाभंगाबद्दल दंड आकारी. चढ्या भावामुळे बाहेरचे उत्पादकही बाजारात उतरतात. स्वीडनमधील सहकारी संस्थांनी ‘लूमा’ हा दिव्यांचा कारखाना काढून १९३१ पासून स्वस्त दिवे विकण्यास प्रारंभ केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात फीबस मोडले.

अमेरिकेने १८९० च्या शर्मन अधिनियमाने असे करार बेकायदा ठरविले. पश्चिम जर्मनीने त्यांवर १९५७ मध्ये सर्वसाधारण बंदीचा कायदा केला. सार्वभौम राष्ट्रांची संघटना असलेली ओपेक (स्थापना १९६०) मात्र अशा कायद्यांच्या कक्षेत सहसा येत नाही. भारतात मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियमाची (१९६९) जागा स्पर्धा अधिनियमाने (२००२) घेतली. त्यातील स्पर्धाविरोधी करारांविषयीच्या तरतुदी २००९ पासून अमलात आल्या. भारतीय स्पर्धा आयोग कार्टेलमधील उद्योगसंस्थेस कराराच्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करू शकतो. २०१२ मध्ये आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना एकूण ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठविले आणि २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड आकारला.

भाव एकाच वेळी चढले, एवढ्यावरून करार सिद्ध होत नाही. कच्चा माल महागल्यानेही तसे घडू शकते. करार गुप्त असल्याने लेखी पुरावाही दुर्मिळ असतो. म्हणून कार्टेलची माहिती स्वतःहून देणाऱ्या सभासदाचा दंड कमी करण्याची तरतूद या अधिनियमात आहे. रेल्वेला पुरविलेल्या विद्युत् पंख्यांच्या निविदांबाबत आयोगाने २०१७ मध्ये अशी सवलत प्रथमच दिली. सभासदांचा परस्परांवरील अविश्वास हा कार्टेलचा मूळ दोष असून कायद्याने त्याचाच ग्राहकाच्या संरक्षणासाठी उपयोग करून घेतला आहे.