क्ष-किरणांनी उलगडते क्रोमियमचे रूप

पाण्यात क्रोमियम किती आहे, एवढे समजून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे, हेही समजावे लागते. त्रिसंयुजी क्रोमियम पाण्यात फारसे विरघळत नाही व तुलनेने निरुपद्रवी असते. षट्संयुजी क्रोमियम मात्र विषारी असून भूजलाबरोबर दूरवर वाहत जाते. धातूंना क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत मुख्यतः हेच रूप वापरले जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

या विषावरील एक उपाय म्हणजे लोखंडाचे १०० नॅनोमीटरहून लहान कण. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण षट्संयुजी क्रोमियमला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे त्रिसंयुजी रूप घडवितात व ते आपल्याच पृष्ठभागावर धरून ठेवतात. परंतु तसे खरोखर घडले किंवा नाही, हे पाहावयाचे कसे? दृश्य प्रकाशाच्या लहरीच ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या. साध्या सूक्ष्मदर्शकाला एवढ्या कणाचे अंतरंग दिसणे शक्य नाही.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले क्ष-किरण येथे उपयोगी पडतात. त्यांची लहर कितीतरी आखूड असते. अडचण अशी की काचेच्या भिंगाने ते एकवटत नाहीत. म्हणून धातूची अतिसूक्ष्म समकेंद्री वलये असलेली चकती भिंगाऐवजी वापरतात. अमेरिकेतील बर्कले येथे २००५ मध्ये अशा चकतीने १५ नॅनोमीटरहून बारीक तपशील टिपण्यात आला.

चित्रापेक्षाही मोलाची साक्ष वर्णपट देतो. क्रोमियम सुमारे ५,९८९ इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून क्ष-किरण एकाएकी अधिक शोषू लागते. षट्संयुजी रूप असल्यास आलेखाच्या मुख्य चढणीच्या अलीकडे ठळक शिखर उमटते. त्रिसंयुजी रूपात ते जवळजवळ नसतेच. यासाठी हवी ती ऊर्जा निवडता येईल असे प्रखर क्ष-किरण लागतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील १७२.५ मीटर परिघाच्या ‘इंडस-२’ यंत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून ते मिळतात. विद्यापीठांतील संशोधकही तेथे आपले नमुने तपासू शकतात.

अशा तपासण्यांतून एक उणीवही उघड झाली. क्रोमियम व लोखंड यांच्या ऑक्साइडांचा थर कणावर चढतो आणि आतील लोखंड न वापरले जाताच क्रिया मंदावते. हे कण चिकणमाती किंवा कोळशासारख्या आधारावर विखरून बसविले, तर ते अधिक काळ कार्यक्षम राहतात काय, यावर संशोधन चालू आहे.