आजीचं माहेर कुठे लिहिलंय?

खानदेशातल्या गावात पारावर अनोळखी पोरगा टेकला, की म्हातारी माणसं अहिराणीत विचारतात, "कोना पोऱ्या शे तू?" पोरगा बापाचं नाव सांगतो, मग आजोबांचं, आणि ओळख पटते. आजीचं नाव कुणी विचारत नाही. आपल्या वंशावळीही याच वळणाने गेल्या आहेत.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली आणि पणजोबांचं नाव हा घरोघरचा विषय झाला. शोधाची वाट ठरलेली आहे. सातबाऱ्यावरून फेरफार, मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, मग कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, आणि शेवटी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. जुनी पानं बहुधा मोडीत असतात. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या साली पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. म्हणून कागदाचं साल पाहूनच कुठल्या कचेरीची पायरी चढायची ते ठरवावं लागतं.

कोतवाल बुकात जन्माची तारीख असते, बापाचं नाव असतं, जात असते आणि पुढे फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसं व्हायच्या आधीची ती नोंद. बाळाचं नाव तिथे सहसा सापडत नाही. पुढे ठेवलेलं नाव मात्र पुष्कळ सांगतं. मुलं जगत नसली की काळाची नजर लागू नये म्हणून उखर्डू, दगडू, धोंडू, भिका अशी नावं ठेवत. वंशावळीत असा एखादा उखर्डू भेटला, की आधीच्या चार-सहा वर्षांची मृत्यूची पानं जरूर पाहावीत. त्याची न जगलेली भावंडं तिथे असू शकतात.

आडनावाचा भरवसा कमी. पाटील, महाजन, चौधरी ही मुळात हुद्द्याची आणि मानाची नावं; एका गावातले दहा पाटील दहा कुळांचे असू शकतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंच घराण्यांतही असाच गुंता आहे. तिथे आडनावाला 'दित', म्हणजे 'ऊर्फ', असं दुसरं नाव जोडत. पुढे एक भाऊ पहिलं नाव चालवी, दुसरा ऊर्फवालं. पण तिथल्या चर्चच्या वह्यांत बाई लग्नात आणि मरणातही माहेरच्या नावानेच लिहिली जाई. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने लग्नासाठी तिकडे पाठवलेल्या सुमारे ८०० मुलींपर्यंत आजची माणसं आईकडून आजीकडे, आजीकडून पणजीकडे जात पोचतात, ती या नोंदींच्या जोरावर.

आपल्याकडे हा धागा लग्नातच तुटतो. १८८० मध्ये आसोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मलेली मुलगी जळगावच्या चौधऱ्यांकडे आली. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे तिची गाणी छापली गेली, २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव मिळालं; म्हणून बहिणाबाईंचं माहेर आज सर्वांना ठाऊक आहे. ज्यांची गाणी छापली गेली नाहीत, त्या बायांचं काय?

त्यांच्यासाठी फेरफाराची वही उलटावी. बाप वारल्यावर वारस नोंदीत लेकींची नावं येतात, सासरच्या आडनावासकट. मग भावासाठी हक्कसोड पत्र होतं. बहीण वाटा सोडते, अंगठा उमटवते, आणि तिची माहेर-सासरची दोन्ही नावं जोडणारा बहुधा तोच एक कागद मागे उरतो. तिचा हिस्सा जिथे संपला, तिथेच तिचा माग लागतो. हे वाचताना पोटात कालवतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव येऊ लागलं. मागच्या पिढ्यांचं काम आपल्यालाच करायचं आहे. १९२६ च्या ३१ डिसेंबरला इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले. जन्मभर घरोघरच्या फडताळांतून त्यांनी कागद गोळा केले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आजही ते जपतं. आपल्या घरचं दप्तर अजून बोलतं आहे, ओट्यावर बसलेलं आहे. या दिवाळीत भाऊबीजेला माहेरी आलेल्या आत्याजवळ वही घेऊन बसा आणि विचारा: आत्या, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय? तिच्या आईचं गाव कोणतं?